दूर बसलेला लॅपटॉप

माझ्या लॅपटॉपवरचा बाण एका सकाळी आपला आपण चालू लागला. मी समोर कॉफीचा टंबलर दोन्ही हातांत धरून बसले होते. बाण पडद्याच्या कोपऱ्यातून निघाला, एका फोल्डरवर जाऊन थांबला आणि फोल्डर उघडला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला आहे. मी फोन उचलला आणि चेन्नईला मुलाला लावला.

"मीच आहे, अम्मा," तो म्हणाला. "अपडेट करतोय. तू कॉफी घे."

"मी कॉफी घेतेय हे तुला कसं कळलं?"

"यावेळी तू कॉफीच घेतेस."

मुलगा वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्यावर बरंच तोंडसुख घेणार आहे. तो कॉम्प्युटरच्याच धंद्यात आहे. मी निवृत्त झाले तेव्हा त्याने हौसेने भारीतला लॅपटॉप आणून दिला आणि त्यात एक सोय करून ठेवली, की काही अडलं तर तो चेन्नईहून माझ्या पडद्यात शिरून दुरुस्त करील. मला ती सोय वाटली. घरात डॉक्टर असला की आपण नाडी बघू देतो, तसं ते मी चालू दिलं. पण त्या सकाळी बाण ज्या फोल्डरवर थांबला, त्यावर 'आत्या' असं लिहिलेलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऐंशी ओलांडली आहे, ओरत्तनाडूला मुलाच्या घरी असते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिच्याकडे जाऊ लागले आणि तिचं बोलणं रेकॉर्ड करू लागले. भाषा वाचवायला म्हणून नव्हे. आम्हा तंजावूरच्या मराठ्यांची बोली मरणार म्हणून गळा काढणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकालाही ती बोलताना मी ऐकलेलं नाही. आत्या बोलते ते मला आवडतं, एवढंच माझं कारण. तिची अट एकच होती, "आपल्यांत कोणास ऐकवू नको." आपल्यांत म्हणजे आमच्या मराठी घरांत, जिथे कोणाबद्दलही काही बोललं तरी तो समोरच्याचा साडू नाहीतर व्याही निघतो.

आणि माझ्या मुलाने त्यानंतर आलेल्या पोंगलच्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यातला एक तुकडा टाकला. वर इंग्रजीत लिहिलं, आपली गोड भाषा. खाली जोडलेल्या हातांची चित्रं.

त्या तुकड्यात काय होतं ते आता साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, म्हणून इथे सांगायला हरकत नाही. सासरी असताना आत्या पाळी आलेली नसतानाही 'दूर' बसायची. आमच्याकडे बाहेरची होण्याला दूर बसणं म्हणतात. तमिळमध्येही दूरम् असाच शब्द आहे, त्यामुळे शेजारणींनाही वेगळं सांगावं लागत नसे. दूर बसलेल्या बाईला कोणी शिवायचं नाही, कामाला हाक मारायची नाही. कोल्लैकडच्या, म्हणजे परसाकडच्या खोलीत तिने एकटीने राहायचं. सासू ताट वाढून उंबऱ्याबाहेर ठेवून जायची आणि आत्या आत पडून तमिळ मासिकांतल्या गोष्टी वाचायची. "मज काय झालं होतं? काही नाही. दमले होते," असं म्हणून ती त्या रेकॉर्डिंगमध्ये इतकी हसते की तिला ठसका लागतो आणि मला तांब्या आणायला उठावं लागतं.

ग्रुपवर टाळ्या पडल्या. कुणी म्हणालं, काय गोड हेल आहे. कुणी म्हणालं, हा 'मज' ऐकून डोळे भरून आले. आत्याच्या मुलाने मात्र हेल ऐकला नाही, गोष्ट ऐकली. तो कडक सोवळ्यातला, घरचे श्राद्धपक्ष तिथी न चुकवता करणारा. आपल्या आईने देवाधर्माच्या बाबतीत वर्षानुवर्षं खोटेपणा केला आणि आपल्या आजीकडून ताटं वाढून घेतली, हे त्याच्या मनाने घेतलं. त्याने तिला हॉलमध्ये आणलं, वडिलांच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभं केलं आणि नमस्कार करून चुकलं म्हणायला लावलं. गुडघ्यांमुळे देवळातसुद्धा खुर्चीवर बसणारी आत्या जमिनीवर वाकली. सून बाजूला उभी होती. तिनेच मला नंतर फोनवर हे सांगितलं, आवाज बारीक करून.

मी दुसऱ्याच दिवशी बस धरून ओरत्तनाडूला गेले. आत्या तांदूळ निवडत होती. मी पुढे बसले तशी तीच बोलली. "पोदुम," ती म्हणाली. तमिळमध्ये पोदुम म्हणजे पुरे. आत्या माझ्याशी जन्मात तमिळ बोललेली नाही. दुकानदाराशी, डॉक्टरशी, सुनेच्या माहेरच्यांशी ती तमिळ बोलते. त्या दिवशी माझ्याशी बोलली आणि ताट उचलून आत गेली.

मला रडू आलं नाही, राग आला. तिच्या मुलाचा आला, माझ्या मुलाचा आला, ग्रुपवर डोळे भरून आलेल्यांचा तर फारच आला. बसमध्ये मी मनाशी ठरवून टाकलं. मला असं यंत्र हवं होतं, ज्यात कोणाला डोकावता येणार नाही. ते आत्यापुढे ठेवून मला म्हणायचं होतं, आता बोल. ती माझ्याशी पुन्हा मराठीत बोलली नाही, तर बाकी काय मिळवलं आणि काय गमावलं याला माझ्या लेखी काही अर्थ नव्हता.

मुलाला सांगितलं असतं तर त्याने लगेच काहीतरी बसवून दिलं असतं, आणि किल्ली स्वतःकडे ठेवली असती. म्हणून मी माझी माझीच शोधू लागले. फोनवर वाचता वाचता मला एका ऑपरेटिंग सिस्टिमची माहिती मिळाली. तिचा सगळा भर संशयावर आहे. बाकीच्या सिस्टिम सगळं घर एकाच खोलीत थाटतात. ही प्रत्येक कामाला वेगळी खोली देते आणि मधली दारं बंद ठेवते. बँकेची खोली वेगळी, टपालाची वेगळी. एक खोली तर अशी की तिला बाहेर जायचं दारच नाही. ती बसवण्याआधी लॅपटॉपची काय काय तयारी करायची, ते पायरी पायरीने लिहिलेलं होतं. मी ते परीक्षेला बसल्यासारखं वाचून काढलं.

पहिलं काम, वायफाय बंद. मी भिंतीवरच्या खोक्याची पिनच उपटली. यजमान त्या वेळी फोनवर तमिळ वादविवादाचा कार्यक्रम बघत होते, तो ऐन रंगात आलेला असताना थांबला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मी दार लावलं."

मग सगळं सांगावं लागलं. यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, माणूस शांत, पण नियमाचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि सगळे विचारतात तेच विचारलं. "तुज एवढं लपवायचं काय आहे?"

"तुम्ही न्हाणीचं दार लावून घेता, तिथे काय लपवता?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं ते सांगा, मी ऐकतेय."

त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बरं, पासवर्ड तेवढा मज सांगून ठेव. उद्या तुज काही झालं तर?"

"तर तो माझ्याबरोबर जाईल."

"आणि आतलं सगळं?"

"तेही."

हे मी रागाच्या भरात बोलले, पण बोलल्यावर लक्षात आलं की मला खरंच तसं वाटतं. आमच्या घरात कोणत्याही बाईच्या कपाटाची किल्ली कधी एकच नव्हती. एक तिच्याकडे, एक देवघरातल्या डब्यात, अडीअडचणीला असावी म्हणून. अडीअडचण नेहमी दुसऱ्याची असायची.

तयारीतला पुढचा भाग म्हणजे लॅपटॉप लायक आहे की नाही ते बघणं. सुरू होता होता एक बटण दाबत राहिलं की एक करडा पडदा येतो, तिथे यंत्राच्या पोटातल्या सोयी मांडलेल्या असतात. बटण वेळेवर दाबणं मला चटकन जमेना. मी दाबीपर्यंत त्याने नेहमीचा पडदा आणलेला असे आणि मग पुन्हा बंद करा, पुन्हा सुरू करा. शेवटी जमलं. एका यंत्रात अनेक यंत्रं चालवण्याची सोय बंद होती, ती चालू केली. बाकी सगळं हवं त्याहून जास्तच होतं. मुलाने उगाच एवढा भारी कशाला घेतला म्हणून मी तेव्हा कुरकुरले होते. त्याच भारीपणामुळे आता त्याला बाहेर काढता येणार होतं, याचं मला हसू आलं.

मग खोक्याची पिन तेवढ्यापुरती पुन्हा लावून सिस्टिमची फाइल उतरवून घ्यायची आणि पेनड्राइव्हवर चढवायची. त्याआधी बजावलेलं होतं, की फाइल खरोखर आमचीच आहे का ते तपासा, वाटेत कुणी बदललेली असू शकते, आमच्या या पानावरसुद्धा डोळे मिटून विश्वास ठेवू नका. हे वाचून मला फार बरं वाटलं. बाप, मास्तर, भटजी, बँकेतला साहेब, सगळे आजवर विश्वास ठेव म्हणाले. तपासून घे म्हणणारा मला हा पहिलाच भेटला.

तपासायचं म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक लांबच लांब ओळ जुळवायची. एक ओळ माझ्या पडद्यावर, एक फोनवर. एकटीला दोन्हीकडे बघून डोळे फिरू लागले, तेव्हा यजमान आपण होऊन खुर्ची ओढून बसले. ते फोनवरचं वाचू लागले आणि मी पडद्यावर बोट सरकवत गेले. "यफ्, नऊ, सी, सी, शून्य..." वर्गात हजेरी चालल्यासारखं. मधेच ते थांबले आणि म्हणाले, "हे जुळलं नाही तर?"

"तर टाकून द्यायचं आणि पुन्हा आणायचं."

"आणि जुळलं तर मज बाहेर काढायचं."

"तुम्हाला नाही. तुमच्या नजरेला."

त्यांनी पुढचं अक्षर वाचलं. ओळ जुळली. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल माया वाटली, हेही खरं आहे.

आता लॅपटॉप पुसायच्या आधी आत्याचं रेकॉर्डिंग दुसरीकडे हलवायला हवं होतं. गावातल्या कीळवासल भागातल्या दुकानातून मी एक नवी डिस्क आणली, तळहाताएवढी, आणि तिला कुलूप घातलं. कुलूप म्हणजे शब्दांचं. सूचना अशी होती की एक शब्द पुरत नाही, अनेक शब्द घ्या, ते कुठल्या पुस्तकात सापडणारे नकोत आणि कुठे लिहून ठेवू नका. ते वाचून मी मनातल्या मनात हसले. कुठल्या पुस्तकात न सापडणारे शब्द पाहिजेत तर आमच्या स्वयंपाकघरात या. पुण्याला विचारलंत तर ते तमिळ म्हणतील, मदुरैला विचारलंत तर मराठी म्हणतील. मी आत्याच्या तोंडचे असे शब्द घेतले. कोणते ते सांगणार नाही. ते एकापुढे एक ठेवून दोनदा टाइप केले, आणि फोल्डर आत ठेवला. मग लॅपटॉपवरचा पुसला, आणि मुलाने इंटरनेटवरच्या साठ्यात आपोआप जाईल अशी जी प्रत करून ठेवली होती, तीही फोनवरून जाऊन पुसली. ग्रुपवर गेलेला तो एक तुकडा सोडला, तर जगाच्या पाठीवर आत्याचं हसणं आता त्या तळहाताएवढ्या डिस्कमध्ये होतं, आणखी कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. ग्रुपवरचा तो तुकडा कुणीतरी पुढे पाठवत नेला होता आणि तो एका प्राध्यापकांपर्यंत पोहोचला होता. माणूस बोलायला नम्र. ते म्हणाले, असे आवाज आता किती उरलेत, आम्ही संग्रह करतोय, तुमच्याकडचं सगळं रेकॉर्डिंग द्याल का.

"ते माझं नाही," मी म्हणाले.

"मग कोणाचं?"

"जिचा आवाज आहे तिचं."

"अहो, पण त्या गेल्या की ही भाषाच जाईल हो."

"जाऊ दे," मी म्हणाले. "ती भाषा तिने तुमच्यासाठी बोललेली नाही."

मी बोलताना अगदी त्यांच्या वळणाचं, पुस्तकातलं मराठी बोलत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ते मला येतं. शाळेत असताना हिंदीच्या परीक्षा दिल्या, त्यातून देवनागरी आली, आणि देवनागरीतून मराठी पुस्तकं वाचता आली. आमच्यात फार थोड्यांना ते जमतं. त्याचा मला जरा तोराही आहे.

फोन ठेवून मी डिस्क उघडायला बसले. शब्द टाइप केले. उघडली नाही. सावकाश टाइप केले. नाही.

चूक कुठे होती ते कळायला वेळ लागला नाही. आमची बोली आम्ही कधी लिहीतच नाही. तोंडाने बोलतो, कानाने ऐकतो, लिहायची वेळ आली की तमिळ नाहीतर इंग्रजी. इंग्रजी अक्षरांत ती कशी लिहायची याचा नियम कोण करणार? माझ्या नावात एक त आहे. पुण्यात तो नुसता टी होईल. इथे तंजावूरला तो जन्मदाखल्यापासून टी-एच आहे, कारण नुसता टी म्हणजे तमिळ माणूस ट वाचतो. द म्हणजे कुणाला डी, कुणाला डी-एच. आणि मी कुलूप घातलं त्या दिवशी तंजावूरची होते, उघडायला बसले तेव्हा पुण्याच्या माणसाशी बोलून उठलेली.

मी गणिताची बाई. जिथे जिथे संशय तिथे दोन-दोन पर्याय मांडले आणि एकेक करून सगळे टाइप केले. एकही लागला नाही. साऱ्या जगाला बाहेर ठेवायला निघालेली मी, माझ्याच आत्याच्या तोंडचे चार शब्द मला लिहिता येत नव्हते. मुलाला फोन करावा असं एकदा मनात आलं, आणि तो काय म्हणेल तेही ऐकू आलं. मी फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

परत आले तर टेबलावर डिस्क ज्या पिशवीतून आणली ती पिशवी पडली होती. दुकानाचा पत्ता तिच्यावर इंग्रजीत छापलेला. कीळवासल. त्यातला तो ळ तमिळमधला जीभ मागे वळवून म्हणायचा, आणि तो इंग्रजीत झेड-एच असा लिहायचा ही आमच्या राज्याची रीत. कुलूप घालताना ही पिशवी माझ्या डोळ्यांसमोर होती. माझ्या शब्दांत एक ळ होता, साधा मराठी ळ. त्याला मी हात चालेल तसा झेड-एच लावून मोकळी झाले होते. हे कुणा पुणेकराला कधी सुचलं नसतं आणि कुणा तमिळ माणसानेही तो शब्द तसा लिहिला नसता. मी लिहिलं. डिस्क उघडली आणि आत्याचा ठसका ऐकू आला. मी तो पुन्हा पुन्हा लावून ऐकला आणि मग मला रडू आलं.

लॅपटॉप मी ओरत्तनाडूला जाऊनच पुसायचा ठरवला. तयारी सगळी झाली होती. सिस्टिम पेनड्राइव्हवर होती, फक्त बसवायची राहिली होती. आत्याने डोळ्यांनी बघावं की आत काही उरलेलं नाही, असं मला वाटत होतं. दुपारचं जेवण करून मी जुन्या बसस्टँडवरून निघाले.

दार तिच्या मुलाने उघडलं. मी त्याला अण्णा म्हणते, माझ्याहून थोडा मोठा आहे. त्याने माझ्या खांद्यावरची बॅग बघितली. "पुन्हा तेच?" तो म्हणाला. "एकदा झाली तेवढी शोभा पुरे नाही का?"

"शोभा कोणी केली, अण्णा? तिने खोलीत बसून गोष्टी वाचल्या, कोणाचं काय गेलं?"

"आजी म्हातारपणी तिच्यासाठी ताटं वाढत होती."

"मग ताटाबद्दल आजीला वाईट वाटू दे. ती जाऊन किती वर्षं झाली. तू मात्र जिवंत आईला फोटोपुढे वाकवलंस. जे तिच्याकडून वदवून घेतलंस, ते तू एकदा तिला म्हणून बघ."

असं मी त्याला उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. त्याचा चेहरा पडला. तो खुंटीवरचा शर्ट घालून बाहेर निघून गेला. मी कोल्लैकडे गेले.

आत्या मागच्या पडवीत शेवग्याचा पाला ओरबाडत बसली होती. मान वर केली, पुन्हा खाली घातली. मी लॅपटॉप उघडून पुढ्यात ठेवला आणि बोलत सुटले. यात आता काही नाही. जे आहे ते तुझ्यासमोर पुसते. मग नवी सिस्टिम बसवेन, तिच्यात वेगवेगळ्या खोल्या असतात. तुझी खोली अशी की तिला बाहेरचं दार नाही. ती कशाला जोडलेली नसते, तिथून काही कुठे जात नाही, बाहेरून कोणाला तिला हात लावता येत नाही.

आत्याचा हात पाल्यात थांबला. "दूर बसलंय म्हण की," ती म्हणाली.

मराठीत म्हणाली. मी मान हलवली.

"तुझ्या मुलास उघडता येतं?"

"नाही."

"यजमानांस?"

"नाही. त्यांनी मागितला, मी दिला नाही."

"मग कोणास येतं?"

"मला एकटीलाच," मी म्हणाले, आणि ते म्हणताना मला केवढा अभिमान वाटला ते सांगता येत नाही.

"मग मज काय उपयोग?"

ती हात झटकून माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी दूर बसायची तेव्हा खरंच बसले की खोटं, ते कोणास ठाऊक असायचं? मज. सासूस नाही, तुझ्या आतोबांस नाही. माझी जी बहीण माझ्यावर जीव टाकायची, तीसही नाही. म्हणून ते चाललं. तुज सांगितलं आणि बघ."

मला लागलं. यासाठीच मी घरातल्यांशी भांडले, पुण्याला नाही म्हणाले, अण्णाला तोंडावर बोलले, आणि त्या सगळ्यांच्या रांगेत आत्या मलाही उभं करत होती. मी वेगळी आहे, असं म्हणायचं ओठावर आलं होतं. तेवढ्यात कळलं की यजमानही तेच म्हणत होते, मुलगाही तेच म्हणाला असता.

मी तिच्यासमोर लॅपटॉप पुसायला लावला आणि पेनड्राइव्ह जोडून नवी सिस्टिम चढवायला घेतली. थोड्या वेळाने पडद्यावर चौकट आली. या यंत्राला कुलूप घाला, शब्द लिहा. मी लॅपटॉप उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

"अनेक शब्द घाल," मी म्हणाले. "इंग्रजी अक्षरांत. कोणास सुचणार नाहीत असे. विसरलीस तर मलाही उघडता येणार नाही, कोणालाच नाही."

"आणि मी गेल्यावर?" तिने विचारलं, जणू मीच ते विचारणार होते.

"ते तू ठरव."

"मग गेलंच," ती म्हणाली. "तू तोंड फिरव."

मी उठून पडवीच्या कडेला गेले आणि विहिरीकडे तोंड करून उभी राहिले. लॅपटॉप माझा. तो उघडायला यापुढे मला दर वेळी ओरत्तनाडूची बस धरावी लागणार होती, आणि आत्याचा मूड असेल तरच तो उघडणार होता. मागे एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता, फार सावकाश, मधे बराच वेळ थांबत. अक्षरं तिला येतात, बसच्या पाट्यांवरची आणि पोस्टातली. पण बोटाला ती शोधावी लागत होती.

"जुळत नाही म्हणतंय."

"दोन्ही चौकटींत तेच घालायचं, आत्या."

"तेच घातलं. त्यासच कळत नाही." पुन्हा बटणं वाजू लागली. मी वळले नाही. आमच्या पूर्वजांनी कितीही किल्ले बांधले असतील, त्या दिवशी पहारा द्यायला मला त्या पडवीहून मोठा किल्ला नको होता. सून आतून डोकावली, काय चाललंय म्हणून बघायला. मी तिला हातानेच आत जा म्हटलं आणि ती गेली.

"झालं," आत्या म्हणाली. "आता बघ इकडे."

पडद्यावर पट्टी सरकू लागली होती. मी समोर येऊन बसले. डिस्क बॅगेतच होती. सिस्टिम बसली की त्यातलं हसणं आत हलवायचं आणि डिस्क पुसायची होती. पण पट्टी अजून निम्म्यावरही आली नव्हती. आत्याने पाल्याची सुपली बाजूला सारली, पाय लांब केले आणि गुडघे चोळत म्हणाली, "ऐक. मी तुज सगळं सांगितलं नव्हतं."

"थांब, आत्या. ते अजून तयार नाही. यातलं काही टिपून घेता येणार नाही."

"मी आहे की तयार," ती म्हणाली, आणि सांगू लागली.